ऋतू बदलला की पक्ष्याचा मेंदू स्वतःचं गाणं वेगळं ऐकतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाणाऱ्या नर पक्ष्याच्या मेंदूतल्या काही पेशी इतर कुठल्याही आवाजापेक्षा त्याच्या स्वतःच्या गाण्याला जास्त जोरात प्रतिसाद देतात. या पेशी ज्या केंद्रात असतात, ते केंद्र विणीच्या हंगामात मोठं होतं आणि हंगाम सरला की आकसतं. मग हंगामाबाहेर पक्ष्याला स्वतःचं गाणं ओळखू येणं बंद होतं का? आणि प्रयोग करून हे तपासायचं तर कशाकशावर नजर ठेवावी?

आधी सरळ उत्तर देते. ओळख बंद होते असं मानायला आधार नाही. प्रतिसादाची ताकद आणि निवडकता मात्र ऋतूबरोबर बदलतात. पण त्या बदलाला ‘पक्षी स्वतःचं गाणं विसरला’ किंवा ‘त्याचा कान मंदावला’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. स्वतःच्या गाण्याला मिळणारा प्रतिसाद ही निव्वळ ऐकण्याची गोष्ट नाहीच. ऐकणं आणि गाणं जिथे एकमेकांना भेटतात तिथला तो प्रतिसाद आहे. ऋतू या दोन्ही बाजू हलवतो, शिवाय गाणंही बदलतो. म्हणून मेंदूबद्दल निष्कर्ष काढण्याआधी मी विद्यार्थ्यांना नेहमी एकच गोष्ट विचारते: तुम्ही स्पीकरवर लावलेलं गाणं नेमकं कुठल्या महिन्यातलं आहे?

हे का विचारते ते पुढे येईलच. आधी हा प्रतिसाद म्हणजे काय ते पाहू.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत एचव्हीसी नावाचं केंद्र आहे. तिथून एक वाट आरए नावाच्या केंद्राकडे जाते, आणि आरएकडून आज्ञा मेंदूच्या खालच्या भागामार्गे सिरिंक्सपर्यंत, म्हणजे पक्ष्याच्या स्वरयंत्रापर्यंत आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचते. एचव्हीसीतूनच दुसरी वाट एरिया एक्सकडे जाते. ती थॅलॅमस आणि एलमॅन या केंद्रांतून फिरून पुन्हा आरएला मिळते, आणि गाणं शिकण्यात व सुधारण्यात तिचा हात असतो. एचव्हीसी मुळात गायनाच्या आज्ञा देणारं केंद्र. तरीही 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की त्यातल्या पेशी आवाज ऐकूनही पेटतात, म्हणजे विद्युत् संदेश सोडतात. डॅनियल मार्गोलियाश यांनी 1983 साली पांढऱ्या डोक्यावर काळे पट्टे असणाऱ्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोमध्ये दाखवलं की अशा काही पेशी त्या पक्ष्याच्या स्वतःच्या गाण्याला निवडून प्रतिसाद देतात. त्याच जातीच्या दुसऱ्या नराचं, कानाला जवळपास तसंच वाटणारं गाणं लावलं तर प्रतिसाद कमी मिळतो.

याची रूढ चाचणी साधी आणि चोख आहे. पक्ष्याचं गाणं आधी सरळ लावायचं आणि मग उलटं, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. उलट्या गाण्यात तेच स्वर, तीच ऊर्जा, तेवढीच लांबी असते; फक्त काळाचा क्रम फिरलेला असतो. पेशी सरळ गाण्याला खूप आणि उलट्याला जवळपास काहीच प्रतिसाद देत नसेल, तर ती केवळ स्वर ऐकत नाही, क्रमही ऐकते. दोन प्रतिसादांतला फरक आणि त्यांची चंचलता, म्हणजे ते दर वेळी किती वरखाली होतात ते, एकत्र करून ‘डी प्राइम’ नावाचा आकडा काढतात. तो एका ठरावीक मर्यादेच्या वर गेला की पेशीला निवडक म्हणायचा प्रघात आहे. या निर्देशांकावर मी पुढे परत येणार आहे, कारण ऋतूंच्या अभ्यासात तो दिशाभूल करू शकतो.

आता गाण्याची बाजू. रिचर्ड हानलोझर, अलेक्सी कोझेव्हनिकोव्ह आणि मिशेल फी यांनी 2002 साली दाखवलं की झेब्रा फिंच गात असताना एचव्हीसीतून आरएकडे जाणारी प्रत्येक पेशी गाण्याच्या एका फेरीत साधारण एकदाच, काही मिलिसेकंदांपुरती पेटते. गाण्याचा काळ अशा पेशींच्या साखळीत मांडलेला असतो. 2008 साली जोनाथन प्रॅथर, रिचर्ड मूनी आणि सहकाऱ्यांनी स्वॅम्प स्पॅरोवर आणखी एक सुंदर गोष्ट दाखवली. एचव्हीसीतून एरिया एक्सकडे जाणाऱ्या काही पेशी, पक्षी एखादा विशिष्ट स्वरसमूह गात असताना ज्या क्षणी पेटतात, तोच स्वरसमूह ऐकतानाही त्याच क्षणी पेटतात. शेजाऱ्याच्या गाण्यात तसाच तुकडा आला तरीही पेटतात. म्हणजे ‘स्वतःच्या गाण्याचा प्रतिसाद’ हा बऱ्याच अंशी ‘मी जे गाऊ शकतो ते ऐकू आलं’ याचा प्रतिसाद आहे. तुमच्या प्रश्नाची किल्ली मला इथेच दिसते. कारण पक्षी काय गाऊ शकतो हेच ऋतूनुसार बदलतं.

ऋतूने मेंदूत होणारे बदल किती मोठे असतात याची कल्पना 1981 साली फर्नांडो नॉटेबोम यांनी दिली. नर कॅनरीचं एचव्हीसी शरदापेक्षा वसंतात 99 टक्क्यांनी मोठं होतं आणि आरए 76 टक्क्यांनी. प्रौढ, पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या मेंदूत असं काही घडतं हे तेव्हा पचायला जड गेलं. दोनच वर्षांनी, 1983 मध्ये, स्टीव्हन गोल्डमन आणि नॉटेबोम यांनी प्रौढ कॅनरीच्या एचव्हीसीत नवे न्यूरॉन दाखल होतात हे दाखवलं. प्रौढ मेंदूत नवे न्यूरॉन बनत नाहीत या जुन्या समजुतीला तडा देणाऱ्या कामांत या शोधाचं स्थान मोठं आहे.

आकसण्याचा वेग तर आणखीच चकित करणारा आहे. सिअॅटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात इलियट ब्रेनोविट्झ यांच्या गटाने व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोच्या गॅम्बेल उपजातीवर वर्षानुवर्षं काम केलं. 2007 साली क्रिस्टोफर थॉम्पसन, जॉर्ज बेंटली आणि ब्रेनोविट्झ यांनी नरांना विणीच्या अवस्थेत आणलं, मग एकदम टेस्टोस्टेरॉन काढून घेतलं आणि दिवस लहान केले. 12 तासांत एचव्हीसीचं आकारमान 22 टक्क्यांनी घटलं, आणि चार दिवसांत न्यूरॉनची संख्याही घसरली. आरए आणि एरिया एक्स त्यामानाने सावकाश आकसली. म्हणजे ‘विणीनंतरचा पक्षी’ अशी एकच अवस्था नसते. पहिल्या आठवड्यातला पक्षी आणि दोन महिन्यांनंतरचा पक्षी यांचे मेंदू वेगळे असतात. दोघांच्या नोंदी एकाच गटात टाकून सरासरी काढली तर हाती काही लागत नाही.

यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तपशील म्हणजे कोणत्या पेशी जातात आणि कोणत्या राहतात. प्रौढपणी एचव्हीसीत दाखल होणारे नवे न्यूरॉन मुख्यतः आरएकडे जाणाऱ्या पेशींत मोडतात. एरिया एक्सकडे जाणाऱ्या पेशी मात्र पिल्लू अंड्यात असतानाच्या आणि त्यानंतरच्या थोड्या काळात बनतात, आणि प्रौढपणी त्यांची भरती होत नाही. आता वर सांगितलेला स्वॅम्प स्पॅरोचा प्रयोग आठवा. ऐकताना आणि गाताना एकाच क्षणी पेटणाऱ्या पेशी एरिया एक्सकडे जाणाऱ्या होत्या. दोन्ही गोष्टी जोडल्या तर माझं वाचन असं: गाणं गाणारे हात ऋतूनुसार बदलले जातात, पण ऐकलेलं आणि गायलेलं जुळवून पाहणाऱ्या पेशींचा मोठा गट जागेवरच असतो. म्हणून मला हंगामाबाहेर ओळख पुसली जाण्यापेक्षा ती मंद होणं, आसपासच्या पेशींच्या जाळ्यातल्या बदलामुळे डळमळणं, जास्त संभवनीय वाटतं. हा माझा तर्क आहे हे स्पष्ट सांगते. पण प्रयोग आखताना मी याच तर्कावर उभी असते, म्हणून दोन्ही प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखून नोंद घेण्याचा आग्रह धरते. इलेक्ट्रोडला जी पेशी सापडेल ती घेतली आणि ‘एचव्हीसीचा प्रतिसाद’ असं नाव दिलं, तर ऋतूचा परिणाम कुणावर झाला हे कळायला वाव उरत नाही.

हे सगळं सुरू कसं होतं, ते थोडक्यात. दिवस लांबला की पक्ष्याच्या मेंदूच्या आत खोलवर असलेल्या प्रकाशग्राही पेशींना ते कळतं. डोळ्यांवाचूनही कळतं. हायपोथॅलॅमसमध्ये थायरॉइड संप्रेरकाचं सक्रिय रूप वाढतं, तिथून जननग्रंथींना चालना मिळते, वृषणं कित्येक पटींनी वाढतात आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन चढतं. मेंदूत त्यातल्या काहीचं इस्ट्राडायॉल हे दुसरं लैंगिक संप्रेरक होतं. ब्रेनोविट्झ आणि कॅरिन लेंट यांनी 2002 साली टेस्टोस्टेरॉनचा बारीकसा साठा थेट एचव्हीसीजवळ ठेवून पाहिला. एचव्हीसी वाढलंच, शिवाय त्याच बाजूची आरए आणि एरिया एक्सही वाढली. आरएजवळ ठेवला तेव्हा तसं झालं नाही. संप्रेरक एचव्हीसीवर काम करतं आणि पुढची केंद्रं एचव्हीसीच्या जोडणीतून वाढतात, असा त्याचा अर्थ. याच गटाने 2007 साली आणखी एक प्रश्न निकाली काढला: ऐकू न येणाऱ्या पक्ष्यांतही ही ऋतुमानाची वाढ होते. म्हणजे केंद्र वाढण्यासाठी स्वतःचं गाणं ऐकावं लागत नाही. तुमच्या प्रश्नासाठी हा मुद्दा मोलाचा आहे, कारण कार्यकारणाची दिशा त्यातून स्पष्ट होते. ऐकण्यामुळे केंद्र वाढत नाही. वाढलेल्या केंद्रात येणारं ऐकणं मात्र बदललेलं असू शकतं.

पेशींच्या स्वभावातही फरक पडतो. विणीच्या अवस्थेतल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोच्या आरएतल्या पेशी कुठलाही आवाज नसताना, आपसूक, जास्त वेगाने पेटतात. कागदावर हा मुद्दा किरकोळ दिसतो, प्रयोगात तो फार त्रास देतो. प्रतिसाद म्हणजे मूळ पातळीच्या वर झालेली वाढ. मूळ पातळीच ऋतूनुसार हलत असेल तर ‘प्रतिसाद कमी झाला’ हे वाक्य अर्धवट आहे. आवाज लावण्याआधीचा वेग, आवाज चालू असतानाचा वेग आणि दोन्हींतली चंचलता हे तिन्ही वेगवेगळे छापायला हवेत. फक्त डी प्राइम दिलं तर चंचलता वाढल्यामुळे आकडा घसरला की प्रतिसाद घटल्यामुळे, हे वाचकाला कळत नाही.

आता प्रत्यक्ष प्रश्नावरच झालेलं काम. कॅथरीन डेल नेग्रो, कातिया लेहोंग्र आणि जाँ-मार्क एदेलीन यांनी 2005 साली कॅनरीच्या एचव्हीसीतल्या पेशी वेगवेगळ्या लांबीच्या दिवसांत तपासल्या. स्वतःच्या गाण्याकडे असलेला या पेशींचा कल दिवसाच्या लांबीनुसार बदलतो, असं त्यातून पुढे आलं. मला या कामाचं महत्त्व यासाठी वाटतं की तोवर या विषयातलं बहुतेक ज्ञान झेब्रा फिंचवरून आलेलं होतं. झेब्रा फिंच एकदाच गाणं शिकतो, ते पक्कं करतो आणि आयुष्यभर तेच गातो. शिवाय तो दिवसाच्या लांबीपेक्षा पावसावर आणि चाऱ्यावर जास्त अवलंबून असणारा, संधी मिळेल तेव्हा वीण करणारा पक्षी आहे. त्याच्यात निवडकता पाहिली की ती पेशीवर कायमची कोरलेली आहे असं वाटू लागतं. कॅनरीने दाखवलं की ती सभोवतालच्या परिस्थितीप्रमाणे हलते.

इथे तो सुरुवातीचा प्रश्न येतो: स्पीकरवरचं गाणं कोणत्या महिन्यातलं?

कॅनरी वसंतात स्थिर, पक्कं गाणं गातो. उन्हाळा सरता सरता पिसं बदलायची वेळ येते, गाणं विस्कळीत होतं, आणि शरदात ते पुन्हा घडवायला सुरुवात होते. काही स्वरसमूह गळतात, काही नवे येतात. पुढच्या वसंतात पक्कं होणारं गाणं आदल्या वसंतातल्या गाण्यासारखं असतं, पण तेच नसतं. आता समजा, मी एप्रिलमध्ये एका नराचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या एचव्हीसीतून नोंदी घेताना तेच लावलं. प्रतिसाद क्षीण मिळाला. याला कारण काय? ऋतूने पेशी मंदावल्या असतील. किंवा पेशी पूर्ण जाग्या असतील, पण एप्रिलचं गाणं आता त्याचं उरलेलंच नसेल. दोन्हींचा आलेख सारखाच दिसेल.

माडेराजवळच्या बेटावरच्या रानटी कॅनरींवर स्टेफान लाइटनर, कॉर्नेलिया फोइग्ट आणि मान्फ्रेड गार यांनी केलेलं काम यात आणखी एक पदर जोडतं. त्यांना आढळलं की विणीच्या हंगामात गायले जाणारे काही स्वरसमूह हंगामाबाहेर गाण्यातून नाहीसे होतात, आणि पुढच्या हंगामात त्यातले काही परत येतात. म्हणजे ते पुसलेले नसतात, निजलेले असतात. आणि याच पक्ष्यांत केंद्रांच्या आकारमानात तसा ऋतुबदल त्यांना दिसला नाही. पाळीव कॅनरी आणि रानटी कॅनरी यांतला हा फरक, आणि मेंदूचे काप कोणत्या पद्धतीने रंगवून केंद्राची सीमा आखली त्यावर आकारमान अवलंबून राहण्याचा प्रश्न, यांवर या क्षेत्रात बरेच वाद झालेले आहेत. मी त्यात बाजू घेत नाही, पण निष्कर्ष मात्र घेते: ‘केंद्र आकसलं म्हणून गाणं गेलं’ हे समीकरण रानात टिकत नाही.

निजलेले स्वरसमूह तुमच्या प्रश्नासाठी सोन्यासारखे आहेत. पक्षी आत्ता गात नाही, पण काही महिन्यांपूर्वी गात होता आणि काही महिन्यांनी पुन्हा गाणार आहे, असा स्वरसमूह त्याला हंगामाबाहेर ऐकवला तर एचव्हीसीतली पेशी पेटते का? पेटली, तर ऐकण्याची ओळख गाण्याच्या चालू यादीपेक्षा टिकाऊ आहे. न पेटली, तर ओळख गाण्याच्या यादीबरोबरच निजते. म्हणून मी प्रत्येक पक्ष्यासाठी किमान तीन प्रकारचं स्वतःचं गाणं वापरावं असं सांगते: आत्ताचं, मागच्या हंगामातलं आणि दोन्हींत असलेल्या स्वरसमूहांचं वेगळं काढलेलं. त्या प्रत्येकाचं उलटं रूपही हवंच. पक्षी गातच नसेल अशा महिन्यांत ‘आत्ताचं गाणं’ मिळत नाही हे मान्य. पण तेव्हा ते मिळालं नाही असं लिहावं. मागच्या वसंतातलं गाणं त्या जागी बसवून त्याला ‘स्वतःचं गाणं’ असं मोघम नाव देऊ नये.

आता कानाची आणि एचव्हीसीच्या अलीकडच्या श्रवणभागाची बाजू. एचव्हीसीला ऐकलेलं मुख्यतः एनआयएफ नावाच्या शेजारच्या केंद्रातून मिळतं, आणि त्याही आधी फील्ड एल, एनसीएम आणि सीएमएम या श्रवणभागांतून ते गाळून येतं. हे भागही ऋतूने हलतात. डॉना मेनी आणि सहकाऱ्यांनी 2006 साली व्हाइट-थ्रोटेड स्पॅरो माद्यांना विणीसारखं इस्ट्राडायॉल दिलं तेव्हा त्यांच्या श्रवणभागात स्वजातीच्या गाण्याने झेंक नावाच्या, पेशी कामाला लागल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जनुकाची हालचाल साध्या स्वरांपेक्षा जास्त वाढली. इस्ट्राडायॉल नसलेल्या माद्यांत गाणं आणि साधे स्वर यांत असा फरकच दिसला नाही. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोमध्ये मेलिसा कॅरास यांच्या कामात पेशींच्या स्पंदांच्या अचूक वेळेतून मिळणारी माहिती विणीच्या अवस्थेनुसार बदलताना दिसली.

नर युरोपीय स्टार्लिंगवर अँटवर्प विद्यापीठात गेर्ट डे ग्रूफ, आनेमी व्हॅन डर लिंडेन आणि सहकाऱ्यांनी फंक्शनल एमआरआय करून पाहिलं. हे काम 2013 साली प्रसिद्ध झालं. स्टार्लिंगची गाणी दोन प्रकारची माहिती देतात. काही गाणी जात आणि कळप सांगतात, काही गाणी ‘हा अमुक पक्षी’ असं सांगतात. विणीच्या काळात व्यक्ती ओळखणं जास्त गरजेचं, बाकीच्या काळात कळप. एनसीएमच्या पुढच्या भागात व्यक्तीची ओळख देणाऱ्या गाण्यांना वर्षभर जास्त प्रतिसाद मिळाला. ऋतूनुसार बदल दिसला तो फक्त एनसीएमच्या मागच्या भागात. आणि हा फरक मेंदूच्या उजव्या बाजूला जास्त झुकलेला होता. याचा अर्थ ऋतू सगळ्या श्रवणभागाचा आवाज एकसारखा चढवत-उतरवत नाही. काही इंच तर सोडाच, काही मिलिमीटर अंतरावर एक भाग स्थिर असतो आणि दुसरा हलतो. डोक्यात एकच ‘ऋतूचं बटण’ ठेवून विचार करणाऱ्यांनी हे काम नीट वाचावं.

हे श्रवणभाग हलले की एचव्हीसीचं काय होतं, यावर ल्यूक रेमेज-हीली आणि एन. आर. जोशी यांचं 2012 सालचं काम फार बोलकं आहे. त्यांनी झेब्रा फिंचच्या एनसीएममधलं इस्ट्राडायॉल वाढवलं-घटवलं, आणि त्याचा परिणाम पुढे असलेल्या एचव्हीसीच्या स्वतःच्या गाण्याच्या निवडकतेवर मिनिटांच्या आत दिसला. एचव्हीसीला हात न लावता. तेव्हा एचव्हीसीतला ऋतुबदल मोजला की तो एचव्हीसीतच घडला असं धरून चालू नका. टेस्टोस्टेरॉन वसंतात चढतं, त्यातून मेंदूत इस्ट्राडायॉल बनतं, ते श्रवणभागात निवडकता बदलतं, आणि मग एचव्हीसीला येणारा मालच वेगळा येतो. यासाठी एकाच पक्ष्यात एकाच वेळी एनसीएम आणि एचव्हीसी या दोन्ही ठिकाणी इलेक्ट्रोड ठेवणं मला सर्वांत खात्रीचं वाटतं.

अजून एक अडथळा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो: पक्षी जागा आहे की झोपलेला, की भुलीखाली? मार्क श्मिट आणि मासाकाझू कोनिशी यांनी 1998 साली दाखवलं की झेब्रा फिंच जागा असताना एचव्हीसीतला श्रवण-प्रतिसाद दबलेला असतो, आणि झोपेत तो मोकळा होतो. अमीश डेव्ह आणि मार्गोलियाश यांनी 2000 साली तर झोपेत आरएतल्या पेशी गातानासारख्याच क्रमाने आपसूक पेटताना टिपल्या. सगळ्या जाती अशा नाहीत. स्वॅम्प स्पॅरोत जागेपणीही स्वच्छ प्रतिसाद मिळाले. ऋतूच्या अभ्यासात यामुळे मोठा गोंधळ होतो, कारण झोपही ऋतूने बदलते. नील्स राटेनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी 2004 साली दाखवलं की हेच व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो स्थलांतराच्या काळात नेहमीच्या जवळपास एक तृतीयांशच झोपतात. त्या पक्ष्याची रात्री नोंद घेतली आणि प्रतिसाद कमी मिळाला, तर तो ऋतूचा परिणाम की पक्षी झोपलेलाच नव्हता याचा? मेंदूच्या विद्युत् लहरी आणि डोळ्यांची उघडझाप सोबत नोंदवली नसेल तर हे सांगता येणार नाही. युरेथेनसारखी भूल दिली की अवस्था बऱ्यापैकी सारखी राहते, म्हणून जुनी कामं भुलीखाली झाली. पण पक्ष्याचं वजन आणि चरबी ऋतूनुसार खूप बदलतात, आणि वजनाच्या हिशोबाने दिलेली भूल चरबीने फुगलेल्या पक्ष्यात आणि सडपातळ पक्ष्यात सारखी खोल जाईलच असं नाही. खोली दर वेळी तपासायला हवी.

नोंदींच्या तंत्राबद्दल एक गोष्ट, जी पुस्तकात सहसा सापडत नाही. अनेक पेशींचा एकत्रित आवाज टिपणारा इलेक्ट्रोड वापरत असाल तर आरएत सावध राहा. विणीच्या काळात एचव्हीसी मुख्यतः पेशींची संख्या वाढल्याने मोठं होतं. आरएत मात्र संख्या तेवढीच राहते. पेशी मोठ्या होतात आणि एकमेकींपासून दूर सरकतात. म्हणजे तोच इलेक्ट्रोड वसंतात आरएतल्या कमी पेशी ऐकतो. एकत्रित आवाज घटलेला दिसेल, आणि प्रत्यक्षात प्रत्येक पेशी जास्त जोरात पेटत असेल. शक्य असेल तिथे एकट्या पेशीची नोंद घ्या. नसेल तर हा आक्षेप आधीच लिहून ठेवा.

दिवसाची लांबी आणि टेस्टोस्टेरॉन ही दोन कारणंही सुटी करावी लागतात. खूप दिवस लांब प्रकाशात ठेवलेला पक्षी एका टप्प्यानंतर त्या प्रकाशाला दाद देईनासा होतो. वृषणं आकसतात आणि विणीची अवस्था संपते, दिवस अजून लांब असतानाच. तेव्हा ‘लांब दिवस’ असं गटाचं नाव पुरेसं नाही. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजा, वृषणांचा आकार पाहा, पिसं बदलत आहेत का ते टिपा. लहान दिवसांत ठेवलेल्या पक्ष्याला टेस्टोस्टेरॉन देऊन आणि लांब दिवसांतल्या पक्ष्याची वृषणं काढून, असे चार गट केले की प्रकाशाचा वाटा आणि संप्रेरकाचा वाटा वेगळा पाहता येतो. पक्ष्यांची संख्या वाढते तसा तुमचा वेळही वाढतो, हे खरं. पण याला आडवाट नाही.

प्रयोग आखायलाच बसला असाल तर मी पुढच्या क्रमाने जाईन. कॅनरी घ्या, कारण त्याच्यात गाणंही बदलतं आणि केंद्रही. एकेका नराचं गाणं पूर्ण वर्षभर मुद्रित करा आणि कोणता स्वरसमूह कधी आला, कधी गेला, कधी परतला याची तक्ता-नोंद तयार करा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण बाकी सगळं यावर उभं आहे. मग एचव्हीसी आणि एनसीएम या दोन्हींत कायमचे इलेक्ट्रोड बसवून त्याच पक्ष्याला निरनिराळ्या महिन्यांत ऐका. वेगळ्या महिन्यांतल्या वेगळ्या पक्ष्यांची तुलना करू नका, कारण नर-नरातला फरक ऋतूच्या फरकाएवढा असू शकतो. दर वेळी चालू गाणं, निजलेले स्वरसमूह, त्यांची उलटी रूपं आणि ओळखीच्या शेजाऱ्याचं गाणं लावा, जागेपणी आणि झोपेत दोन्ही वेळा. आणि पहिला आलेख काढाल तो ऋतूविरुद्ध प्रतिसाद असा काढू नका. आधी ‘हा स्वरसमूह पक्षी आत्ता गातो का’ याविरुद्ध प्रतिसाद काढा. ऋतूचा परिणाम त्या आलेखातच विरघळला, तर जो बदल दिसला तो गाण्याच्या यादीतला होता. त्यानंतरही ऋतूचा वेगळा ठसा उरला, तर मग एनसीएमकडे पाहा, आणि तिथे तो आधी दिसतो की एचव्हीसीत, हे मिलिसेकंदांच्या हिशोबाने तपासा.